एक वाजून दहा मिनिटं

गुरुवार, २८ जून २०१८. घाटकोपर पश्चिमेला, जागृती नगरजवळच्या जीवदया लेनवर एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. दुपारी एकच्या सुमाराला तिथल्या कामगारांनी हातातली कामं टाकली आणि ते जेवायला गेले. त्यांच्यापैकी कितीतरी जण आज जिवंत आहेत ते त्या सुट्टीमुळे.

मी विमानांतला माणूस नाही. बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, यंत्रांच्या देखभालीत माझी उमर गेली. त्या दुपारी आमच्या कँटीनच्या टीव्हीवर धूर दिसला आणि खाली पट्टी धावू लागली, 'चाचणी उड्डाणादरम्यान विमान कोसळलं'. माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण चाचणी म्हणजे ट्रायल, आणि ट्रायल म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बरीच वर्षं बंद पडलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना जी छाती धडधडते, ती नेहमीच्या चालत्या यंत्रापाशी कधी धडधडत नाही.

त्या विमानाची कहाणी मी तेव्हापासून जमवत आलो. ती त्या दुपारी सुरू झालेली नाही.

तेवीस वर्षं आधी

विमान १९९५ सालचं. अमेरिकेतल्या बीचक्राफ्ट कंपनीचं किंग एअर सी-९०. दोन पंखांवर दोन इंजिनं आणि पुढे फिरणारे पंखे. इंजिनं प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची, पीटी-६ जातीची. रॉकेलसारखं इंधन जाळून आत टर्बाइन फिरतं आणि ते टर्बाइन पुढचा पंखा फिरवतं. किंग एअरचं पहिलं उड्डाण १९६४ मधलं, आणि तेव्हापासून या घराण्याची सात हजारांवर विमानं जगभर गेली. रुग्ण नेणारी, सर्वेक्षण करणारी, मंत्री आणि उद्योगपती नेणारी. आपल्याकडे राज्य सरकारांना हे विमान आवडलं, कारण ते आखूड धावपट्टीवर उतरतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचतं.

हे विमान उत्तर प्रदेश सरकारचं होतं. म्हणून त्याचा नोंदणी क्रमांक व्हीटी-यूपीझेड. व्हीटी म्हणजे भारत. पुढची 'यूपी' ही अक्षरं मालकाची ओळख सांगणारी. ही अक्षरं लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहेत.

किंग एअर हे वाईट यंत्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण मराठी माणसाच्या मनात सी-९० हे नाव एका जखमेसारखं आहे. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले ते याच जातीच्या विमानातून. खराब हवामानात ते विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ कोसळलं आणि आतले आठही जण गेले. ते विमान एका उद्योगसमूहाचं होतं. विमान वेगळं, मालक वेगळा, आभाळ मात्र तसंच भरलेलं.

चार वर्षं आधी

व्हीटी-यूपीझेडला अलाहाबादेत अपघात झाला. त्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने ते विकायला काढलं आणि २०१४ मध्ये मुंबईच्या यूवाय एव्हिएशन या कंपनीने ते घेतलं.

अपघातात सापडलेलं जुनं यंत्र सरकार विकतं आणि खाजगी कंपनी घेते, यात गैर काही नाही. आमची निम्मी एमआयडीसी सेकंडहँड यंत्रांवर उभी आहे. वापीचा कारखाना बंद पडला की त्याचे रिअ‍ॅक्टर, सेंट्रिफ्यूज, बॉयलर ट्रेलरवर चढून बोईसरला येतात. प्रश्न यंत्राचा नसतो. त्याच्याबरोबर त्याची वही आली का, हा असतो.

एक प्रसंग सांगतो. फार जुना आहे, आणि कारखान्याचं नाव घेण्याचं कारण नाही. आमच्याकडे एक काच-अस्तराचा रिअ‍ॅक्टर आला. बाहेरून लोखंड, आतून निळी काच, आम्ल टिकावं म्हणून. रंग नवा कोरा. इतका नवा की नेमप्लेटवरही ब्रश फिरवलेला. मी पॉलिश पेपरने तो रंग हळूहळू खरवडला. बनवणाऱ्याचं नाव निघालं, सालही निघालं, पण किती दाबाला तपासला आहे तो आकडा कुणीतरी छिन्नीने उडवून टाकला होता. तिथे धातूवर फक्त चार खोल ओरखडे होते. मी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं ते आजही आठवतं. यंत्र बोलायला तयार होतं, त्याची जीभ कापलेली होती.

आमच्याकडे तेव्हा एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सातवी शिकलेले. ट्रायलच्या दिवशी मामांनी शेड रिकामी करवली. सुपरवायझर चिडला, पॅकिंगचं काम थांबलं म्हणून. मामा म्हणाले, "साहेब, ट्रायलला कामापुरतीच माणसं. बाकीच्यांनी चहा घ्या." वाफ सोडली. दहाव्या मिनिटाला मॅनहोलचं गॅस्केट गेलं. वाफेची जी जीभ बाहेर आली ती थेट पॅकिंगच्या टेबलावर. टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वितळून एकमेकींना चिकटल्या. रोज त्या टेबलाशी सहा बायका उभ्या असायच्या.

पुढच्या सगळ्या वर्षांत मी सुरक्षिततेची बरीच प्रशिक्षणं घेतली. मामांच्या त्या एका वाक्यापुढे एकही गेलं नाही.

हँगरमधली वर्षं

विमानाच्या वह्या आमच्यापेक्षा कितीतरी कडक. सांगाड्याची वही वेगळी, प्रत्येक इंजिनाची वेगळी, पंख्याची वेगळी. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कुठला सुटा भाग कधी बदलला आणि त्यावर सही कुणाची. विमान विकलं की या वह्याही नव्या मालकाकडे जातात. त्या नसतील तर विमानाची किंमत भंगाराची.

या शिस्तीचं मोल कळायला एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ नावाच्या छोट्या एकपंखी विमानातून. आज आपण तो दिवस भारतीय हवाई वाहतुकीचा जन्मदिवस मानतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच सुमाराला जगभर पस मॉथ विमानं हवेत पंख मोडून कोसळत होती. प्रत्येक अपघाताची नोंद झाली, मोडके तुकडे गोळा झाले, कागद एकमेकांशी ताडून पाहिले गेले, आणि शेवटी पंखांना आधार देणाऱ्या दांड्यांच्या रचनेत दुरुस्ती झाली. लाकूड, कापड आणि पोलादी नळ्यांचं ते विमान सुरक्षित झालं ते कागदामुळे.

व्हीटी-यूपीझेड जुहूच्या हँगरमध्ये दुरुस्तीला होतं. उडणारं यंत्र उभं राहिलं की त्याला रोग लागतात. रबराची सीलं सुकतात. टायर एकाच बाजूवर दबून राहतात. टाकीतल्या इंधनात पाणी जमतं, आणि त्या पाण्यात सूक्ष्मजंतू वाढून चिकट गाळ तयार होतो. विमानाचा हवेतला वेग मोजणाऱ्या बारीक नळीत किडा घर करतो. जुहूची हवा खारी. समुद्र हाकेच्या अंतरावर. आम्हा बोईसरकरांना खारी हवा काय करते ते वेगळं सांगायला नको, नवाकोरा बोल्ट दोन पावसाळ्यांत हाताला तांबूस लागतो. म्हणूनच अशा विमानाला उघडून, तपासून, बदलून, जोडून, शेवटी हवेत नेऊन पाहावं लागतं. जमिनीवर कितीही इंजिन फिरवा, उड्डाण हीच खरी परीक्षा.

आणि ही परीक्षा घेतात ती हाडामासाची माणसं.

साडेपाच महिने आधी

जुहूवरून त्या वर्षी आमच्या पालघर जिल्ह्याला आधीच एक घाव बसला होता. १३ जानेवारी २०१८, शनिवार. सकाळी दहा वाजून गेल्यावर पवन हंसचं डॉफिन हेलिकॉप्टर ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांना घेऊन जुहूहून समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे निघालं. अकराला दोन मिनिटं कमी असताना ते तिथे पोचायचं होतं. ते पोचलं नाही. डहाणूच्या समोर समुद्रात त्याचे अवशेष सापडले. पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही जण गेले.

त्याच सकाळी डहाणूच्या पारनाक्यासमोर विद्यार्थ्यांना फिरायला नेणारी बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. एकाच दिवशी, एकाच समुद्रात, दोन शोधमोहिमा. डहाणू, चिंचणी, तारापूर, सातपाटी, साऱ्या किनाऱ्यावर त्या रात्री लोक जागे होते.

इथेही मालकीचा धागा आहे. पवन हंसची ५१ टक्के मालकी तेव्हा केंद्र सरकारची आणि ४९ टक्के ओएनजीसीची होती. म्हणजे ज्यांची माणसं रोज त्या हेलिकॉप्टरमध्ये बसत, तेच जवळपास निम्मे मालक. आणि सरकार त्या काळात आपला वाटा विकायला काढत होतं.

मग ८ मार्चच्या रात्री आमच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. तीन कामगार गेले. कित्येक किलोमीटरवरच्या घरांची तावदानं थरथरली, लोक भूकंप समजून रस्त्यावर आले. माझ्या घरातही भांडी खणखणली. ते वर्षच तसं होतं. जून उजाडेपर्यंत आम्ही आवाजाला दचकायला शिकलो होतो.

२८ जून, सकाळ

पावसाळा लागलेला. आभाळ खाली आलेलं, मधूनमधून सरी.

जुहूबद्दल थोडं. १९२८ सालचं, देशातलं पहिलं नागरी विमानतळ. आज तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर आणि लहान विमानं उडतात. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या पश्चिमेला अवघ्या काही किलोमीटरवर, जवळपास त्याच रेषेत. १९७२ मध्ये एका जपानी कंपनीचं मोठं प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं होतं, इतकी ती जवळीक. मोठ्या विमानतळावर ढगातून उतरायला रेडिओ किरणांची वाट असते, आयएलएस म्हणतात ती. जुहूला ती नाही. इथे उतरायचं तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसायला हवी.

पावसाळ्यात अशा ठिकाणाहून ट्रायल. मला हे वाक्य लिहायला आजही जड जातं. ट्रायलचा दिवस यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि हवामान हे ट्रायलमधलं असं एकमेव कलम आहे की जे पुढे ढकललं तर एकही सुटा भाग बदलावा लागत नाही.

अपघातानंतर सहवैमानिकेच्या पतीने पत्रकारांसमोर सांगितलं की हवा खराब असल्याने उड्डाण होणार नाही असं ती त्याला म्हणाली होती, आणि हा अपघात टाळता आला असता. ज्याचं घर त्या दुपारी उद्ध्वस्त झालं त्याचं हे म्हणणं आहे. मी ते जसंच्या तसं इथे ठेवतो.

बाराच्या आधी

विमानाची पूजा झाली. त्या पूजेची दृश्यं त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर आली आणि अनेकांनी ती पाहून हळहळ व्यक्त केली.

मला ती पाहताना आमच्या शेडची आठवण झाली. नवा बॉयलर असो की जुना रिअ‍ॅक्टर, पहिल्या स्टार्टला नारळ फुटतोच. हळदकुंकवाची बोटं व्हॉल्व्हवर उमटतात, झेंडूची माळ प्रेशर गेजला लटकते, आणि मग कुणीतरी ती हळूच बाजूला करतो, काटा दिसावा म्हणून. पूजा ही भीतीची कबुली असते. हात जोडणाऱ्याला माहीत असतं की आता जे होणार ते सगळं आपल्या हातात नाही. म्हणून त्या पूजेकडे बोट दाखवणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या चौघांनी विमान हलकं घेतलं नव्हतं.

चौघं म्हणजे दोन वैमानिक, एक अभियंता आणि एक तंत्रज्ञ. एक कॅप्टन, शेजारी सहवैमानिक म्हणून एक स्त्री. अभियंताही स्त्री. ज्यांनी यंत्र जोडलं त्यांच्यातलेच दोघं त्याच यंत्रात बसले होते. आमच्याकडे ज्याने गॅस्केट बसवलं त्यालाच आम्ही पहिल्या वाफेच्या वेळी जवळ उभं करतो. ही रीत क्रूर वाटते, पण ती कामाची जबाबदारी अंगावर घेण्याची रीत आहे.

१२.२०

बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला विमानाने जुहूची धावपट्टी सोडली.

अपघात, विक्री आणि दीर्घ दुरुस्ती, एवढ्या सगळ्यानंतर यंत्र पुन्हा हवेत होतं. जमिनीवर उभं राहून आपण जोडलेलं यंत्र चालताना पाहणं, यासारखं सुख देखभालवाल्याच्या नशिबी दुसरं नाही. त्या क्षणी हँगरच्या दारात कुणीतरी मान वर करून पाहत उभं असणार, अशी माझी खात्री आहे. आम्ही सगळेच तसे उभे राहतो.

१२.२० ते १.००

अशा उड्डाणात सहसा एकेक गोष्ट क्रमाने तपासतात. चाकं आत जातात का, पुन्हा बाहेर येतात का. आतला हवेचा दाब टिकतो का. पंख्यांची पाती वळवता येतात का. रेडिओ, दिशादर्शक, तापमान, तेलाचा दाब. एक जण वाचतो, दुसरा पाहतो, तिसरा लिहितो. आमच्या लॉगशीटसारखंच, दर पंधरा मिनिटांनी आकडा.

खाली त्या वेळी काय चाललं असेल ते मुंबईकराला डोळे मिटून सांगता येईल. जागृती नगर स्टेशनावर वर्सोवा-घाटकोपर मेट्रो येत-जात होती. शाळांच्या दुपारच्या पाळीची मुलं निघाली होती. डबेवाले पोचून गेले होते. जीवदया लेनवर सिमेंट कालवलं जात होतं.

घाटकोपरवाल्यांना विमानाच्या आवाजाचं काही वाटत नाही. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, मग मोठी विमानं पूर्वेकडून, घाटकोपरवरून, सांताक्रूझला उतरतात. टेकडीवरच्या घरांतून त्यांची चाकं मोजता येतात. दर दोन-तीन मिनिटांनी एक.

१.००

बांधकामावर जेवणाची सुट्टी झाली.

वर परतीचा टप्पा. विमानाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक वेळ हीच, उंची कमी, वेग कमी, कामं जास्त. धावपट्टी शोधायची, कंट्रोल टॉवरशी बोलायचं, चाकं काढायची, वळायचं, आणि हे सगळं ढगांत.

इथे 'स्टॉल' या शब्दापाशी थांबायला हवं, कारण चौकशी अहवालात तोच शब्द आहे. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. मोटार स्टॉल होते ती वेगळी. विमान हवेत राहतं ते पंखावरून हवा चिकटून वाहते म्हणून. पंखाचं तोंड वाऱ्याच्या तुलनेत फार वर उचललं गेलं की ती हवा पंखाला सोडून देते, आणि क्षणात पंख म्हणजे नुसता पत्रा उरतो. इंजिनं घरघरत असतात, विमान मात्र दगडासारखं पडतं. वेग कमी झाला की नाक जास्त वर धरावं लागतं, म्हणून हा धोका संथ विमानाला अधिक. आणि वळताना त्याहून अधिक. विमान ६० अंशांत कलवून वळवलं तर स्टॉलची वेगमर्यादा ४१ टक्क्यांनी वर चढते. सरळ उडताना जो वेग पुरेसा, तोच वळणात जीवघेणा.

यातून सुटका आहे आणि ती प्रत्येक वैमानिकाला पहिल्या वर्षी शिकवतात. नाक खाली करा, वेग घ्या, पंखाला हवा धरू द्या, मग सावरा. त्यासाठी एकच गोष्ट लागते, खाली मोकळी उंची.

घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या विमानापाशी नेमकी तीच नसते.

१.१०

एक वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला व्हीटी-यूपीझेड जीवदया लेनवरच्या त्या बांधकामाच्या आवारात कोसळलं. टाकीतल्या इंधनाने पेट घेतला.

आतले चौघंही गेले. पाचवा माणूस विमानात नव्हता. तो रस्त्यावरून चालला होता. त्याचा त्या विमानाशी, त्याच्या मालकांशी, त्याच्या वह्यांशी काडीचा संबंध नव्हता. आणखी दोघे जखमी झाले. त्यांना राजावाडी रुग्णालयात नेलं.

आवारात कामगार असते तर?

मी त्या बातमीतलं 'जेवायला गेले होते' हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आहे. मामांनी शेड मुद्दाम रिकामी करवली होती. जीवदया लेन घड्याळाने रिकामी केली. दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली असती, स्लॅबचं काम उरकायचं म्हणून मुकादमाने सुट्टी पुढे ढकलली असती, तर त्या दिवसाचा आकडा पाचावर थांबला नसता.

१.३०

वाहिन्यांवर पट्टी धावली: उत्तर प्रदेश सरकारचं विमान कोसळलं.

शेपटीवरच्या अक्षरांनी सांगितलं ते सगळ्यांनी मानलं. लखनौहून खुलासा आला की विमान आता आमचं नाही, २०१४ मध्येच विकलं, अलाहाबादच्या अपघातानंतर. मालक बदलून चार वर्षं झाली होती, नाव मात्र जुनंच चिकटलेलं होतं. काही वेळ देशभर चर्चा चालली ती 'विमान कुणाचं' याची.

आमच्याकडेही स्फोटानंतरचा पहिला प्रश्न हाच असतो, 'कंपनी कुणाची?' गेटवर एक बोर्ड, परवान्यावर दुसरं नाव, वीजबिलावर तिसरं. अग्निशमनवाले विचारतात आत कुठली रसायनं आहेत, आणि उत्तर द्यायला जो माणूस हवा तो शोधण्यात सोन्यासारखी मिनिटं जातात. म्हणून मालकी ही मला कागदपत्रांची बाब वाटत नाही. आग लागल्यावर कुणाला फोन करायचा, हे तिच्यावर ठरतं.

संध्याकाळ

केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री तेव्हा सुरेश प्रभू होते. त्यांनी चौकशीचे आदेश दिले. अवशेषांतून ब्लॅक बॉक्स मिळाला. पावसात लोक छत्र्या घेऊन गर्दी करून उभे होते.

संध्याकाळपर्यंत आणखी एक गोष्ट तोंडोतोंडी झाली. वैमानिकांनी प्रसंगावधान राखून विमान वस्तीपासून दूर, मोकळ्या जागेकडे नेलं आणि शेकडो जीव वाचवले. मोठ्या लोकांनीही तशा शब्दांत त्यांना सलाम केला. दु:खाच्या वेळी असं काही धरायला लागतं, ते मी समजू शकतो.

पण विमान अपघात चौकशी ब्यूरोच्या अहवालाने वेगळं सांगितलं. विमान कमी उंचीवर स्टॉल झालं आणि तिथून सावरणं शक्य नव्हतं. आपण कुठे, कशा स्थितीत आहोत याचं वैमानिकांचं भान सुटलं होतं. स्टॉलमध्ये गेलेलं विमान कुणी कुठे नेत नाही.

हे लिहून मी त्या चौघांचा मान कमी करत नाही. उलट, त्यांना वीर म्हणून मोकळं होणं मला सोपं वाटतं, आणि त्यांच्यावर अन्याय करणारंही. ढगांत शिरल्यावर माणसाच्या कानातला तोल खोटं बोलतो. डावीकडे कललेलं विमान सरळ भासतं. हे शरीराचं आहे, यात कुणाचा आळस नाही. म्हणूनच जो दिवस ढगांचा आहे, जे यंत्र कैक वर्षांनी उडतंय, जिथे परतायचं ती धावपट्टी डोळ्यांनीच शोधायची आहे आणि वाटेत खाली घाटकोपर आहे, त्या दिवशी भान सुटायला फारसं काही लागत नाही. हे चारही धोके ओळखीचे होते. प्रत्येक एकेकटा पेलता आला असता. ते एकत्र आले बारा वाजून वीस मिनिटांनी, चाकांनी जमीन सोडली तेव्हा. पुढची पन्नास मिनिटं त्याचा परिणाम.

शेवटचं मिनिट तपासायला ब्लॅक बॉक्स असतो. सकाळी 'आज नको' म्हणायला कोण होतं आणि त्याचं ऐकायला कोण, ते त्या डब्यात नसतं.

त्यानंतर

आमच्या पालघर जिल्ह्यातही विमानतळाची चर्चा अधूनमधून होते. किनाऱ्यावर मोकळी जागा आहे, केळवे-माहीमपासून वरपर्यंत. इथे मोठी विमानं उतरोत न उतरोत, माझी एक साधी मागणी आहे. जुनी, दुरुस्त झालेली, नव्या मालकाची विमानं ट्रायलसाठी अशा ठिकाणी न्या, जिथे उतरणीच्या वाटेखाली समुद्र किंवा रिकामं खाजण आहे. दीड कोटी माणसांच्या डोक्यावर नको.

त्या जूननंतर माझ्या कामात एक बदल झाला. ट्रायलचं परमिट फाडण्याआधी आम्ही शेड रिकामी करतो, ते मामांच्या वेळेपासून चालत आलं आहे. आता मी कुंपणाच्या भिंतीबाहेरही चक्कर मारतो. आमच्या भिंतीला लागून गल्ली आहे. तिथे एक चहाची टपरी आहे, पंक्चरवाला आहे, आणि ज्येष्ठ उलटेपर्यंत एक मावशी भिंतीच्या उन्हात सुकट पसरते. मी तिला सांगतो, मावशी, अर्धा तास सुकट उचला. ती आधी भिंतीकडे बघते, मग माझ्याकडे, आणि टोपली ओढत विचारते, "आज काय चालू करताव, दादा?"